होयबा मेजर आणि टार्गेट क्रमांक चार

सोमवारी सकाळी जनरलसाहेबांनी टेबलावर हात आपटला तेव्हा चहाचे सात कप एकदम उडाले आणि सहाच परत आपापल्या बशीत बसले. सातवा टेहळणीच्या मेजरच्या मांडीवर सांडला.

"एक गंजका रणगाडा!" जनरलसाहेब गरजले. "एकाच गंजक्या रणगाड्यावर तिघांचा नेम! आणि बाकीची अकरा टार्गेटं काय उन्हं खात बसायला ठेवली होती?"

गोष्ट खरी होती. मागच्या सरावात लांब पल्ल्याच्या तोफांनी तीस किलोमीटरवरून त्या रणगाड्याच्या सांगाड्यावर वीस गोळे टाकले. त्याच सुमारास त्याच सांगाड्याच्या दिशेने आपलं विमान निघालं होतं, ते वैमानिकाच्या प्रसंगावधानामुळे अर्ध्या वाटेतून शेपूट फिरवून परत आलं. आणि तिसऱ्या दिवशी टेहळणी विभागाने लेखी कळवलं की सदर रणगाडा अजून जिवंत दिसतो, तरी त्याचा बंदोबस्त व्हावा.

कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सरावापुरतं मुख्यालय एका बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यात थाटलं होतं आणि प्रत्येक विभाग आपापल्या खोलीचं दार लावून बसला होता. दारांवरच्या पाट्या अजून जुन्याच होत्या. टेहळणीवाले 'नाडी विभागा'त, हवाई दलाची माणसं 'टाच विभागा'त, कायदेवाले 'सदोष माल' लिहिलेल्या खोलीत. तोफखान्याच्या वाट्याला 'तळवे' आले होते.

"मला शुक्रवारपर्यंत एक खोली पाहिजे," जनरलसाहेब म्हणाले. "एक खोली, एक टेबल, एक यादी. कशावर मारा करायचा, कुणी करायचा, केव्हा करायचा, सगळं तिथे ठरेल. नाव, लक्ष्य समन्वय कक्ष. शुक्रवारी दहा चाळीसला एक गोळा उडवायचा. एकच. पण सगळ्यांच्या संमतीने. बोला, प्रमुख कोण?"

यावर जे झालं त्याला चर्चा म्हणणं जरा जड जाईल. टेहळणी विभागाचा मेजर, ज्याला सगळे दुर्बीण म्हणत, भिजलेल्या विजारीनिशी उठून म्हणाला की टार्गेट शोधतो मी, तेव्हा प्रमुख मी. हवाई दलाकडून आलेला विमानवाला म्हणाला की आकाश माझं, गोळा आकाशातूनच जाणार, त्यामुळे खरं पाहता मी. कायदा सल्लागार मेजर वकीलबाई बसूनच म्हणाल्या की तुम्ही दोघंही चुकलात तर कागदावर नाव माझं येतं, म्हणून मी. मग तिघेही एकमेकांच्या मागच्या दहा वर्षांच्या चुका काढू लागले.

जनरलसाहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली. कोपऱ्यात तोफखान्याचा मेजर शांतपणे बसला होता. गोल चेहरा, भरघोस मिशा, आणि मान अशी काही समजूतदारपणे हलत होती की बघणाऱ्याला वाटावं, याला सगळ्यांचंच पटतंय.

"हा," जनरलसाहेब बोट दाखवून म्हणाले. "याच्याबद्दल कुणाची तक्रार?"

कुणाचीच नव्हती. असणार कशी? त्या माणसाने उभ्या नोकरीत कुणाला नकार दिला नव्हता. सगळं मुख्यालय त्याला पाठीमागे होयबा म्हणायचं, आणि तोंडावर म्हटलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

आता यातली खरी मेख मुख्यालयात कुणालाच ठाऊक नव्हती. होयबाचा डावा कान गेला होता. अठरा वर्षं तोफेच्या उजव्या अंगाला उभं राहिल्यावर आणखी काय होणार? उजवा कान शाबूत होता, पण डाव्या बाजूने कुणी बोललं की त्याला तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं नुसतं चर्र ऐकू यायचं. लोक ऐकलेलं एका कानाने घेऊन दुसऱ्याने सोडून देतात. होयबाकडे तीही सोय उरली नव्हती.

सांगितलं असतं तर तोफांवरून उचलून त्याला कोठारात ब्लँकेटं मोजायला बसवलं असतं, ही भीती. म्हणून दरवर्षीच्या तपासणीत तो खिडकीच्या काचेसमोरची खुर्ची पकडायचा. काचेत तपासनिसाचं बोट बटणावर दाबलेलं दिसलं की हात वर. एका वर्षी तर त्याच्या कानांना 'उत्कृष्ट' असा शेरा मिळाला होता. आणि डाव्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी त्याने तीन उत्तरं बसवून ठेवली होती: "हो हो", "बघू या की", आणि चेहरा फारच गंभीर दिसला तर "होऊन जाईल".

तळवे विभागात त्याचं टेबल उजव्या बाजूने भिंतीला टेकलेलं होतं. म्हणजे येणारा प्रत्येक माणूस डावीकडूनच यायचा.

सोमवारी दुपारी आधी दुर्बीण आला. दाराबाहेर कुणी नाही ना हे बघून होयबाच्या डाव्या कानापाशी वाकला आणि बराच वेळ चर्र चर्र करत राहिला. होयबाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण इतकं जवळ येऊन बोलतोय म्हणजे महत्त्वाचं असणार, म्हणून त्याने मान नेहमीपेक्षा जरा जास्त हलवली. "होऊन जाईल," तो म्हणाला. दुर्बीणने त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि शीळ घालत गेला.

मंगळवारी विमानवाला आला. त्याने बोलता बोलता हाताने विमान उडवून दाखवलं, ते उतरवलं, आणि मग चहा पिण्याची खूण केली. होयबाला वाटलं चहाला बोलावतोय. "हो हो," तो म्हणाला.

बुधवारी वकीलबाई आल्या. त्यांनी एक कागद पुढे केला, त्यावर बोट ठेवून तीन मुद्दे चर्र केले. होयबा म्हणाला, "बघू या की." वकीलबाईंच्या भुवया वर गेल्या तेव्हा त्याने घाईघाईने "होऊन जाईल" जोडून दिलं.

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला तर दारात दोन मोठ्या बॅगा, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन सासूबाई.

"आई! तुम्ही?"

"मी नाही तर कोण? दोन महिने राहायला बोलावलंत ना मला?"

होयबाने बायकोकडे पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून साळसूदपणे हात पुसत होती.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "मागच्या रविवारी. तुम्हीच तर हो म्हणालात."

रविवारी ती आपल्या कुठल्या बाजूला बसली होती हे होयबाला आठवलं, आणि त्याने बॅगा उचलून आत नेल्या. घरात ही व्यवस्था कित्येक वर्षं सुखाने चालली होती. भाजी आणा, दिवे बंद करा अशा गोष्टी बायको उजव्या कानात सांगे. नवे पडदे, धाकट्या मेव्हण्याच्या लग्नातला आहेर, मुलीची नृत्याची शिकवणी हे सगळं डाव्या कानातून मंजूर झालं होतं.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दिवसाला चारशे कॉल. माणसाचा आवाज ऐकून तो खरं बोलतोय की खोटं, उभा आहे की बसलाय, जेवलाय की नाही, हे त्यांना कळायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी घरात कुणी हाक मारली की त्यांच्या तोंडून आधी "नंबर?" असंच यायचं.

जेवताना त्या होयबाच्या डावीकडे बसल्या. पाच-सात घास झाले. सासूबाई जावयाकडे बारीक नजरेने बघत होत्या. मग अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या खुर्चीला आग लागलीय."

"हो आई," होयबा हसून म्हणाला, "छान झालंय."

बायकोच्या हातातला डाव भांड्यात पडला. मुलीने तोंडावर रुमाल धरला.

सासूबाईंनी ताट उचललं, उठल्या, टेबलाला वळसा घालून उजवीकडे येऊन बसल्या. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"कान."

होयबाने घास ताटात ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं. तोफ, तपासणी, खिडकीची काच, ब्लँकेटांची भीती, आणि शेवटी तो लक्ष्य समन्वय कक्ष. तिघं येऊन काय काय बोलून गेले, आपण काय काय कबूल करून बसलो, देव जाणे.

"मी समजत होते तुम्हाला कळतं," बायको हळूच म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "म्हणजे, मला माहीत होतं कमी ऐकू येतं. पण अगदीच नाही? मग ते पडदे..."

"पडदे चांगले आहेत," होयबा म्हणाला.

"पडदे राहू देत," सासूबाई म्हणाल्या. "हो म्हणायचं कुणी शिकवलं तुम्हाला? एक्स्चेंजमध्ये एवढी वर्षं काढली, 'हो' या शब्दावर एक कॉल जोडला नाही मी. समोरचा नंबर सांगणार, आपण तोच नंबर त्याला परत म्हणून दाखवायचा, तो बरोबर म्हणाला की मग वायर खोचायची. 'हो' म्हणजे काय नंबर आहे का? उद्या तुमचा गोळा कुणाच्या घरात जाऊन पडला तर काय सांगाल? मी हो म्हणालो होतो?"

"पण आई, परत विचारलं तर बहिरा म्हणतील."

"मला कुणी बहिरी म्हटलं नाही. उलट घाबरून असायचे सगळे. मंत्र्यांनासुद्धा तीन-तीनदा नंबर म्हणायला लावलाय मी. कमी ऐकणारा परत विचारतो तसा नीट ऐकणाराही परत विचारतो. बघणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?"

होयबाने त्यावर मान हलवली. सासूबाईंनी डोळे मोठे केले. मग होयबा म्हणाला, "समोरच्याने सांगायचं, आपण परत म्हणून दाखवायचं, तो बरोबर म्हणाला की वायर."

"जोडते," सासूबाई म्हणाल्या आणि भात वाढून घेतला.

गुरुवारी सकाळी होयबाने पहिलं काम केलं ते म्हणजे टेबल ओढत ओढत समोरच्या भिंतीला लावलं. आता भिंत डावीकडे आली आणि माणसं उजवीकडून येऊ लागली. त्याला एकदम एवढं ऐकू यायला लागलं की तासाभरात डोकं दुखलं. पण खरी डोकेदुखी पुढे होती.

"मग आपलं ठरल्याप्रमाणे," दुर्बीण डोकावून म्हणाला. "नावाला तू, पण टेबलाच्या टोकाला मी. मी टार्गेट सांगणार, बाकीच्यांनी फक्त लिहून घ्यायचं."

अर्ध्या तासाने विमानवाला. "तू दिलदार माणूस आहेस! टोकाची खुर्ची मला, आणि माझं विमान उतरून वैमानिकाचा चहा पिऊन होईपर्यंत तोफ उडवायची नाही. असं कबूल करणारा तोफखान्याचा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

वकीलबाई दुपारी आल्या. "मेजर, तुम्ही मान्य केल्याप्रमाणे मी टोकाला बसेन. प्रत्येक टार्गेटवर शेवटची सही माझी, आणि गोळा सुटण्याआधी अर्ज तीन प्रतींत."

होयबाला तिघांनाही नाही म्हणायचं होतं. पण तो शब्द त्याने इतक्या वर्षांत वापरला नव्हता की तोंडात नेमका कुठे ठेवलाय तेच सापडेना. तिघांनाही तो एवढंच म्हणाला, "उद्या सगळ्यांसमोर बोलू." ते तिघांनाही हो सारखंच ऐकू गेलं.

शुक्रवार उजाडला. खोली म्हणून कारखान्याचं जुनं गोदाम मिळालं होतं. मध्ये लांब टेबल, भिंतीवर मोठा नकाशा, कोपऱ्यात न विकलेल्या डाव्या पायांच्या बुटांचा ढीग. टेबलाच्या टोकाला हात असलेली एकच खुर्ची, बाकी साध्या. दहाला पाच कमी असताना होयबा आत आला तर हातवाल्या खुर्चीत दुर्बीण बसला होता, तिच्या एका हातावर विमानवाला टेकला होता आणि दुसऱ्या हातावर वकीलबाईंनी आपल्या फायली ठेवल्या होत्या. तिघेही एकमेकांना एकच गोष्ट सांगत होते: होयबाने मला शब्द दिलाय.

मग तिघेही एकदम त्याच्याकडे वळले.

 क्षणभर होयबाला वाटलं, ब्लँकेटं मोजणं काही इतकं वाईट नाही. मग तो पुढे गेला, म्हणाला, "उठा," आणि आश्चर्य म्हणजे ते उठले. त्याने तोफांकडे जाणारा फोन उचलून आणला आणि त्या हातवाल्या खुर्चीवर ठेवला.

"ही खुर्ची फोनची," तो म्हणाला. "इथे कुणी बसणार नाही. सगळ्यांनी साध्या खुर्च्यांवर बसायचं, आणि माझ्या उजव्या बाजूला, म्हणजे मला सगळ्यांचे चेहरे दिसतील. आता नियम सांगतो. एकाने बोलायचं. दुसऱ्याने, तो काय बोलला ते आधी परत म्हणून दाखवायचं. पहिला 'बरोबर' म्हणाला की मगच दुसऱ्याने आपलं सांगायचं. सगळ्यांचं बरोबर झालं की मी फोन उचलणार."

"हे काय, बालवाडी आहे?" दुर्बीण म्हणाला.

"दुर्बीण विचारतो, ही बालवाडी आहे का," होयबा म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर," दुर्बीण नकळत म्हणून गेला.

विमानवाल्याने सुरुवात केली. त्याचं छोटं विमान दहा वीसला मैदानावरून जाईल, उत्तरेकडून येईल, पूर्वेला वरून दिसणाऱ्या एका पांढऱ्या खोक्यापाशी वळेल आणि दहा पस्तीसला बाहेर पडेल.

"दुर्बीण, तो काय म्हणाला?"

"काहीतरी..." दुर्बीणने आढ्याकडे पाहिलं. "विमानाबद्दल."

दुसऱ्यांदा विचारल्यावर दुर्बीण वेळा बरोबर म्हणाला पण दिशा उलटी. तिसऱ्यांदा सगळं जमलं. अकरा वर्षं एकाच मुख्यालयात काम करून विमानवाल्याचं बोलणं त्याने आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं होतं. विमानवाला तर चक्क लाजला.

आता दुर्बीणची पाळी. सराव चालवणाऱ्यांनी मैदानात नकली शत्रूची ठाणी कुठे कुठे लपवून ठेवली होती. ती विमानातून काढलेल्या फोटोंवरून हुडकायची हे त्याचं काम. त्याने छाती फुगवली.

"टार्गेट क्रमांक चार," तो म्हणाला. "माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा शोध. मैदानाच्या पूर्वेच्या कडेला एक छोटी पांढरी इमारत. मंगळवारी नव्हती, बुधवारी उगवली. छतावर टाकी. बाहेर माणसांची रांग. एकेक जण आत जातो, दार लावतो, पाच-सात मिनिटांनी बाहेर येतो. जाताना घाईत असतो, येताना चेहरा एकदम शांत. दोघं कधी एकत्र आत जात नाहीत. माझा निष्कर्ष, हे शत्रूचं गुप्त आदेश केंद्र आहे. आत जाणाऱ्याला एकट्याला आदेश मिळतो."

"एकेकाला आत घेऊन आदेश," विमानवाला प्रभावित होऊन म्हणाला.

"नकाशावर ग्रिड चार एक सात, दोन आठ तीन. आज सकाळपासून मैदान रिकामं केलंय, तेव्हा मारा करायला हरकत नाही."

नेमके त्याच वेळी जनरलसाहेब आत आले. त्यांच्यामागे त्यांचा मदतनीस कॅप्टन. सगळे उभे राहिले.

"बसा, बसा. कुठवर आलं?" जनरलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "टार्गेट ठरलं का?"

"चार नंबर, साहेब," दुर्बीण म्हणाला. "शत्रूचं आदेश केंद्र."

"वा! मग दहा चाळीसला उडवून टाका. पाहुणे अकराला येताहेत, त्यांना धूर तरी दिसू दे."

वकीलबाई जनरलसाहेबांच्या उजव्या हाताला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, माझी यादी अजून वाचून झालेली नाही. हात न लावण्याच्या जागांची."

"छान, छान," जनरलसाहेब मान हलवत म्हणाले. "चालू द्या. लावा फोन!"

होयबाचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. ती मान. ते 'छान छान'. असं हलणारी मान त्याने आरशात इतक्या वेळा पाहिली होती की ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. जनरलसाहेब तरुणपणी तोफखान्यातच होते. तोफेच्या डाव्या अंगाला उभे राहायचे, असं ते नेहमी अभिमानाने सांगायचे.

होयबाने हात मागे घेतला. "साहेब," तो म्हणाला, "या खोलीचा नियम आहे. वकीलबाई काय म्हणाल्या ते आपण आधी परत म्हणून दाखवायचं. मग मी फोन लावतो."

खोलीत इतकी शांतता पसरली की बुटांच्या ढिगातून एक डावा बूट घसरलेला सगळ्यांना ऐकू आला. म्हणजे, दोघं सोडून सगळ्यांना.

"मी?" जनरलसाहेब म्हणाले.

"आपण, साहेब. आदेश देणाऱ्यालाही लागू आहे. नाहीतर खोलीचा काय उपयोग?"

जनरलसाहेबांचे कान लाल झाले. आधी उजवा, मग डावा. त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टनने बुटांकडे पाहिलं. विमानवाल्याने डोळे मिटून घेतले. दुर्बीणच्या चेहऱ्यावर असा भाव होता की बरं झालं मी प्रमुख नाही.

मग जनरलसाहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "मला ऐकू आलं नाही."

"मलाही फार वेळा येत नाही, साहेब," होयबा म्हणाला. आता बोललोच आहे तर पुरतं बोलून टाकू, असं त्याला झालं होतं. "डावा कान पूर्ण गेलाय माझा. म्हणून तर नियम केला. वकीलबाई, साहेबांच्या डावीकडे या आणि यादी वाचा."

वकीलबाई डावीकडे आल्या. यादीत नऊ जागा होत्या. विहीर, मेंढपाळाची झोपडी, हवामान खात्याचा खांब, असं करत करत त्या सातव्यापाशी आल्या. "सात. पाहुण्यांसाठी उभारलेली तात्पुरती आरोग्य सुविधा. ग्रिड चार एक सात, दोन आठ तीन."

"चार एक सात, दोन आठ तीन," जनरलसाहेब मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर, साहेब."

दुर्बीणने आपला कागद पाहिला. मग वकीलबाईंचा कागद पाहिला. मग परत आपला.

"आरोग्य सुविधा म्हणजे?" त्याने विचारलं.

"संडास," वकीलबाई म्हणाल्या. "काल बांधकामाची माणसं दिवसभर तोच वापरत होती. मी बुधवारपासून सांगायचा प्रयत्न करतेय, पण तुमच्या नाडी विभागाचं दार कधी उघडं असेल तर शपथ."

"म्हणजे ती रांग..." विमानवाला म्हणाला.

"आणि येताना चेहरा शांत," होयबा म्हणाला.

पहिल्यांदा फुटले ते जनरलसाहेब. ते असे हसले की खुर्चीचा आधार घ्यायला गेले आणि फोनवर बसले. पलीकडून तोफांजवळचा कॅप्टन घाबरून ओरडायला लागला, "हॅलो? साहेब? उडवू का? उडवू का?" होयबाने जनरलसाहेबांच्या खालून रिसीव्हर ओढून काढला. "नाही!" तो ओरडला. "नाही, नाही, नाही! परत म्हणून दाखव!"

"नाही, नाही, नाही, साहेब," तिकडून कॅप्टन म्हणाला. "एकूण चार वेळा नाही."

"बरोबर!"

इतकी वर्षं न सापडलेला शब्द एकदम चारदा सापडला होता. होयबाला फार बरं वाटलं.

मग यादी नव्याने लागली. पाच नंबरचं टार्गेट, म्हणजे पश्चिमेच्या टेकडीवरचं लाकडी ठाणं, सगळ्यांनी सगळ्यांना म्हणून दाखवलं. विमान दहा पस्तीसला बाहेर पडलं. वैमानिकाच्या चहाचा मुद्दा विमानवाल्याने आपण होऊन सोडला. वकीलबाईंनी अर्ज एकाच प्रतीवर भागवला. दहा चाळीसला गोळा सुटला आणि लाकडी ठाण्यापासून चाळीस पावलांवर जाऊन पडला. तीस किलोमीटरवरून चाळीस पावलं म्हणजे वाईट नव्हे. दुर्बीणने फोटो पाहून लगेच जाहीर केलं की ठाणं उद्ध्वस्त झालं. तिघांनी ते परत म्हणून दाखवायला नकार दिला.

अकराला पाहुणे आले, टेकडीमागचा धूर पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पूर्वेकडच्या त्या पांढऱ्या इमारतीचीही तारीफ केली.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी सगळी हकीकत दोनदा वदवून घेतली. बायकोने आपण होऊन उजव्या बाजूला येऊन विचारलं, "आईला दोन महिने ठेवून घ्यायचं ना?" होयबाने प्रश्न परत म्हणून दाखवला, मग खरोखर विचार केला, आणि मग हो म्हणाला. बायको जरा वेळ त्याच्याकडे बघतच राहिली.

ब्लँकेटांची पाळी काही आली नाही. सोमवारी जनरलसाहेबांनी त्याला गाडीत घेतलं आणि दोघं शहरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे निघाले. जाताना होयबा त्यांच्या उजवीकडे बसला. वाटेत जनरलसाहेब बरंच काही बोलले, होयबाही बरंच काही बोलला, आणि दोघांनीही अर्धा तास अत्यंत समाधानाने माना हलवल्या. गाडीतून उतरताना दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

दवाखान्यात त्यांनी बाकावर जागा बदलून घेतली. होयबा डावीकडे, जनरलसाहेब उजवीकडे. आता जनरलसाहेबांचा चांगला कान होयबाकडे आणि होयबाचा चांगला कान त्यांच्याकडे. एकदम गप्पाच जुळल्या. पहिली तोफ, पहिला कमांडर, तपासणीला कोण काय युक्ती करायचं. जनरलसाहेब तपासनिसाच्या बुटाकडे बघायचे म्हणे. बटण दाबताना त्याची टाच उचलायची. होयबाने काचेचं सांगितलं तेव्हा त्यांनी मनापासून दाद दिली.

दोन्ही बाहेरचे कान बंद असल्यामुळे नर्सने सोळा नंबर, सतरा नंबर असं तीनदा पुकारलेलं मात्र दोघांनाही कळलं नाही. शेवटी ती समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, किती वेळ ओरडतेय मी! सोळा, सतरा तुम्हीच ना?"

"सोळा, सतरा आम्हीच," जनरलसाहेब उठत म्हणाले. "बरोबर?"

"ते मला काय विचारता? पंचवीस नंबर आत गेलाय. आता शेवटी बसा."

दोघं परत बसले. त्यांची काही तक्रार नव्हती. जनरलसाहेबांची एका जुन्या, चाक निसटलेल्या तोफेची गोष्ट अजून अर्धीच झाली होती.